आंबडवे ते भंडारा : एका आडनावाचा प्रवास

सन १९५४ चा उन्हाळा. भंडारा जिल्ह्यात तेंदूपत्त्याच्या तोडणीचे दिवस जवळ आले होते. वैनगंगेचे पात्र आटले होते, तळी तळाला गेली होती आणि गावोगावी पोटनिवडणुकीची धामधूम सुरू होती. लोकसभेच्या दोन जागांसाठी होणाऱ्या या निवडणुकीत राखीव जागेचे एक उमेदवार होते डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि देशाचे पहिले कायदेमंत्री राहिलेली ही व्यक्ती, मधुमेहाने आणि गुडघ्यांच्या दुखण्याने त्रस्त असताना, आपण कधी राहिलो नव्हतो अशा जिल्ह्यात मते मागत फिरत होती. त्यांच्यासमोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर हे स्थानिक उमेदवार उभे होते. बोरकर आणि आंबेडकर ही दोन्ही आडनावे ‘कर’ या एकाच प्रत्ययाची. दोहोंच्या मुळाशी कुठले तरी गाव. मात्र त्यांतील एक आडनाव विदर्भात आणि कोकणात घरोघरी आढळणारे, तर दुसरे इतके विरळ की तोवर महाराष्ट्राला ते प्रामुख्याने एकाच माणसामुळे ठाऊक झालेले. या विरळ आडनावाची कथा हीच एका अर्थाने बाबासाहेबांच्या आयुष्याची कथा आहे.

मूळ गाव, मूळ कूळ

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. घराण्याचे आडनाव सकपाळ. आजोबा मालोजी लष्करात होते. वडील रामजी हेही लष्करात शिरले, सुभेदार पदापर्यंत चढले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. अस्पृश्य मानलेल्या जातीतील माणसाला त्या काळी लेखन-वाचनाची आणि मानाची वाट लष्करातूनच काय ती मिळत असे. रामजींची नेमणूक मध्य भारतातील महू येथे असताना १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे चौदावे अपत्य जन्माला आले. घरात त्याला भिवा म्हणत. पुढे रामजी निवृत्त झाले, कुटुंब आधी दापोलीला आणि नंतर साताऱ्याला आले. भिवा लहान असतानाच आई भीमाबाई निवर्तल्या आणि मुलांचा सांभाळ आत्याने केला.

साताऱ्यात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले. आज ही शाळा प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते आणि तिच्या पटावरील ती नोंद जपून ठेवलेली आहे. तिथे सकपाळ हे आडनाव नाही, ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव आहे. पटावरच्या या एका ओळीचे महत्त्व ओळखून राज्य शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन म्हणून पाळण्यास प्रारंभ केला.

एका अक्षराचे अंतर

सकपाळांचे आंबेडकर कसे झाले? महाराष्ट्रात आडनावे घडण्याची जी जुनी रीत आहे, तिचाच हा भाग आहे. एकेकाळी बहुसंख्य माणसांना रोजच्या व्यवहारात आडनावाची गरजच नसे. स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गाव एवढे सांगितले की ओळख पटे. इंग्रजी राजवटीत लष्कराची भरती, शाळेचा पट, कचेरीतील दप्तर आणि आगगाडीची नोकरी आली, तसा कागदावर तिसरा रकाना भरणे भाग पडले. त्या रकान्यात कोणी कुळाचे नाव लिहिले, कोणी वतनाचे, कोणी धंद्याचे, तर अनेकांनी गावाच्या नावाला ‘कर’ जोडून काम भागविले. गाव सोडून शहरात आलेल्या माणसाला तर ‘कर’ अधिकच सोयीचा होता. तो कोठून आला हे सांगे, पण त्याची जात लगेच सांगत नसे.

या रीतीप्रमाणे आंबडवे गावचा तो आंबडवेकर. मात्र हे आडनाव उच्चारायला जड होते. साताऱ्याच्या शाळेत कृष्णाजी केशव आंबेडकर नावाचे ब्राह्मण शिक्षक होते. भिवावर त्यांचा लोभ होता आणि मधल्या सुट्टीत ते आपल्या शिदोरीतील भाजी-भाकरी त्याला देत असत. मुलाचे आडनाव बोजड वाटल्याने त्यांनीच ते आपल्या आडनावासारखे करून पटावर लिहिले, असे सांगितले जाते. बाबासाहेबांनी या शिक्षकांची आठवण शेवटपर्यंत कृतज्ञतेने ठेवली. गावावरून आलेल्या आंबडवेकर या नावाचे दोन-तीन ध्वनी झडले आणि आंबेडकर हे सुटसुटीत रूप उरले. कोकणातच संगमेश्वर तालुक्यात आंबेड नावाची गावे आहेत. तेव्हा आंबेडकर हे आडनाव भाषेच्या दृष्टीने नवे नव्हते. मात्र आंबडव्याच्या सकपाळांच्या घरात ते अशा रीतीने प्रथमच आले.

नाव बदलले, वागणूक नाही

आडनाव बदलले म्हणून जग बदलले नाही. ज्या शाळेच्या पटावर हे नाव चढले, त्याच शाळेत भिवाला इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे, शिपाई नसला तर पाणीही नसे. वडील गोरेगावला नोकरीस असताना ही भावंडे त्यांना भेटायला निघाली आणि मसूर स्थानकावर उतरली. नीटनेटके कपडे आणि शुद्ध बोली यांमुळे स्टेशनमास्तरांनी त्यांना ब्राह्मणांची मुले समजून चौकशी केली. मुलांनी जात सांगितली मात्र, त्यांचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान शेजारी बसेना. शेवटी मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने चालायचे, असे ठरले. त्या रात्री कोणी त्यांना प्यायला पाणीही दिले नाही.

पुढे कुटुंब मुंबईला आले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या साहाय्याने बी. ए. झाल्यावर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला आणि त्याच वर्षी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. परदेशातील या वर्गांमध्ये आंबेडकर हे केवळ एका विद्यार्थ्याचे नाव होते. त्यापुढे दुसरा प्रश्न कोणी विचारीत नसे.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीच्या अटीप्रमाणे बडोद्यास नोकरीसाठी आल्यावर तो दुसरा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. हिंदू खाणावळीत थारा मिळणार नव्हता. एका पारशी धर्मशाळेत जागा होती, परंतु ती फक्त पारशांसाठी. तेव्हा तेथील नोंदवहीत पारशी नाव घालून त्यांना राहावे लागले. आपले खरे नाव न सांगता आला दिवस काढण्याची वेळ त्या विद्वानावर आली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात येऊन उभे राहिले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. शहरात कोठेही आसरा न मिळाल्याने त्यांनी कामाठी बागेत झाडाखाली बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. जात लपली तरच जागा मिळते आणि जात कळली की पदवीही उपयोगाची राहत नाही, हा धडा त्या बागेत पक्का झाला.

आडनाव चळवळीचे झाले

यानंतर आंबेडकर हे नाव लपविण्याचे राहिले नाही. १९२० च्या ३१ जानेवारीस ‘मूकनायक’ सुरू झाले. लंडनला परत जाऊन त्यांनी अर्थशास्त्रातील सर्वोच्च पदवी मिळविली आणि बॅरिस्टरही झाले. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. १९२७ च्या २० मार्च रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो हातांनी उचलले आणि डिसेंबरात त्याच गावी मनुस्मृतीचे दहन झाले. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी ते गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. १९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार झाला. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असा निर्धार जाहीर केला. १९४२ च्या जुलैत नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले.

या वर्षांत विदर्भाशी त्यांचे नाते घट्ट झाले. नागपूरच्या गिरण्या, भंडाऱ्यातील विडी कारखाने आणि धानाची शेती यांवर राबणारा अस्पृश्य समाज येथे मोठ्या संख्येने होता. या भागातील आडनावांची गंमत अशी की ती जातीच्या चौकटीत नेहमी बसत नाहीत. मेश्राम हे आडनाव गोंडांत आहे, तसे पूर्वीच्या महार समाजातही आहे. रामटेके, गजभिये, खोब्रागडे, बोरकर अशी नावे धारण करणाऱ्या घरांनी आंबेडकर हे परक्या प्रदेशातील आडनाव आपल्या घरातील वडीलधाऱ्याच्या नावासारखे आपलेसे केले. कोकणात एका गावावरून निघालेले नाव पूर्व विदर्भात नात्याचे नाव झाले.

भंडाऱ्याची पोटनिवडणूक

स्वातंत्र्यानंतर बाबासाहेब कायदेमंत्री झाले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांच्याकडून ते सुमारे १४ हजार मतांनी पराभूत झाले आणि नंतर राज्यसभेवर गेले. लोकसभेत जाण्याची आणखी एक संधी भंडाऱ्याने दिली.

ही संधी निर्माण झाली ती एका न्यायालयीन निकालामुळे. भंडारा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्याचाच भाग होता. मतदारसंघ द्विसदस्य होता, म्हणजे एक सर्वसाधारण आणि एक राखीव जागा, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. १९५२ मध्ये सर्वसाधारण जागेवर निवडून आलेले चतुर्भुज जसानी हे लष्करी उपाहारगृहांना विड्या पुरविण्याचा करार केलेल्या पेढीचे भागीदार होते. सरकारशी असा करार असणारी व्यक्ती उमेदवार होण्यास अपात्र ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९५४ मध्ये दिला.

त्याच खटल्यात दुसराही प्रश्न होता आणि तो नावाच्या व ओळखीच्या दृष्टीने अधिक मार्मिक होता. राखीव जागेसाठी अर्ज भरलेल्या एका महार उमेदवाराचा अर्ज, तो महानुभाव पंथात गेला आहे या कारणावरून फेटाळण्यात आला होता. पंथ बदलल्याने जात सुटते काय? न्यायालयाने पाहिले ते असे, की त्या व्यक्तीने स्वतः जात सोडली होती काय, जुन्या समाजाने तिला बाहेर टाकले होते काय आणि नव्या पंथाने तिला जुन्या समाजापासून तोडले होते काय. तसे घडले नसल्याने तो उमेदवार महारच राहिला आणि त्याचा अर्ज फेटाळणे चूक ठरले. परिणामी भंडाऱ्यात नव्याने निवडणूक घ्यावी लागली.

सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे राहिले आणि राखीव जागेसाठी बाबासाहेब. पत्नी सविता त्यांच्यासोबत प्रचारात होत्या. भाषणांत त्यांनी स्थानिक प्रश्नांपुरते न थांबता केंद्र सरकारच्या परराष्ट्र धोरणावरही टीका केली. निकाल लागला तेव्हा एक विलक्षण चित्र समोर आले. जिल्ह्याशी काही संबंध नसलेले, दुसऱ्या प्रांतातून आलेले अशोक मेहता विजयी झाले. बाबासाहेब मात्र सुमारे ८ हजार मतांनी मागे राहिले आणि भाऊराव बोरकर लोकसभेत गेले.

द्विसदस्य पद्धतीत राखीव जागेचा निकालही सर्व जातींच्या मतांवर ठरत असे. पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघाऐवजी संयुक्त मतदारसंघातील राखीव जागा स्वीकारल्या गेल्या होत्या. त्या तडजोडीचा अनुभव मुंबईपाठोपाठ भंडाऱ्यात बाबासाहेबांना स्वतःच्या नावावर घ्यावा लागला. ज्या समाजासाठी जागा राखीव होती, त्या समाजाचा नेता कोण हे त्या समाजाच्या मतांनीच ठरेल, याची खात्री उरली नव्हती. दोन मतांची ही पद्धत पुढे १९६१ मध्ये कायद्याने रद्द झाली.

नवी ओळख

भंडाऱ्याचा पराभव हा बाबासाहेबांच्या निवडणुकीच्या राजकारणातील शेवटचा मोठा प्रसंग ठरला. पुढील अडीच वर्षांचा वेळ त्यांनी प्रामुख्याने बौद्ध धम्माच्या अभ्यासाला आणि त्यावरील ग्रंथाला दिला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरला दुसरा सोहळा झाला. भंडारा जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे या दोन्ही सोहळ्यांत आणि नंतर गावोगावच्या समारंभांत सामील झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला होता.

पंथ बदलल्याने जात सुटते काय, हा १९५४ चा प्रश्न आता लाखो घरांपुढे उभा राहिला. धर्म बदललेल्यांच्या सवलती केंद्राच्या यादीप्रमाणे बंद झाल्या. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० मध्ये राज्य सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या कायद्यात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडावे लागले. याच वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. दाखल्यावर धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे की जुनी जात, या पेचातून एका पिढीला जावे लागले. शाळेच्या पटावर आडनाव लिहिताना रामजींपुढे जो पेच होता, त्याचेच हे दुसरे रूप होते.

रक्ताबाहेर पसरलेले नाव

रक्ताच्या नात्याने हे आडनाव फार पसरले नाही. बाबासाहेबांचे पुत्र यशवंतराव ऊर्फ भय्यासाहेब यांनी १९७७ पर्यंत धम्माचे कार्य पुढे नेले आणि नातवंडे सार्वजनिक जीवनात आली. पण नावाचा खरा प्रसार झाला तो संस्थांतून, वस्त्यांतून आणि विशेषणांतून. आंबेडकरी जलसे, आंबेडकरी चळवळ, आंबेडकरी साहित्य हे शब्द मराठीत रुळले. आडनावाचे विशेषण होण्याचा मान फार थोड्या माणसांच्या वाट्याला येतो.

या प्रसाराची किंमतही मोजावी लागली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली. १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून नामांतरासाठी लाँग मार्च निघाला. सोळा वर्षांच्या संघर्षानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. चार अक्षरे पाटीवर यावीत म्हणून एवढे रक्त सांडावे, यातूनच त्या नावाचे वजन कळते.

नंतरचा प्रवास तुलनेने सोपा होता. आग्रा विद्यापीठाला हे नाव मिळाले, उत्तर प्रदेशात १९९५ मध्ये आंबेडकर नगर जिल्हा झाला आणि जन्मगाव महूचे नाव डॉ. आंबेडकर नगर असे झाले. लंडनमध्ये विद्यार्थिदशेत ते राहिले होते ते किंग हेन्रीज रोडवरील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. हंगेरीत रोमा समाजाच्या मुलांसाठी त्यांच्या नावाची शाळा निघाली. कोकणातील गाव ज्यांनी नकाशावरही पाहिले नाही, अशा युरोपातील उपेक्षित मुलांच्या प्रमाणपत्रावर आज त्या गावाचा अंश आहे.

आंबडवे हे मूळ गाव त्यांच्या आयुष्यात फारसे आले नाही. ते वाढले साताऱ्यात, घडले मुंबईत आणि परदेशात, धर्म बदलला नागपुरात. भंडाऱ्याने त्यांना लोकसभेत पाठविले नाही. पण त्याच भंडाऱ्यातील खेड्यांत आज १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला जी गर्दी जमते, तिच्यात आंबेडकर आडनावाचा माणूस क्वचितच सापडेल आणि आंबेडकर हे नाव आपले नाही असे म्हणणाराही क्वचितच सापडेल. मतपेटीने १९५४ मध्ये नाकारलेले ते विरळ आडनाव लोकांनी आपल्या घरात, आपल्या आडनावाच्याही आधी नेऊन ठेवले आहे.